न घेतलेली नावं

बाग सेवनिया, भोपाळ
डिसेंबर

प्रिय ऋचा,

सलाम, आणि खूप खूप प्रेम.

तुझा इंदूरचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. रत्नप्रभा म्हणाली, पत्र कशाला, मेसेज टाक ना, ती लगेच उत्तर देते. पण हल्ली फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे जाता येत नाही. आणि मेसेज लिहायला बसलं की माझी भाषाही तुम्हा मुलांसारखी होते, निम्मी मराठी, निम्मी हिंदी, शेवटी एक हात जोडलेलं चित्र. तुला मराठी वाचायला तुझ्या आजोबांनी शिकवलंय, म्हणून हे पत्र तुला अडखळत का होईना वाचता येईल याची खात्री आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर सांभाळून घे.

आधी इकडची खबर देते. आपला वर्ग चालू आहे. आता तो चर्चच्या मागच्या खोलीत भरत नाही, आमच्या घरी, हॉलमध्ये सतरंजी घालून भरतो. दुपारची मराठी उपासना आटोपली की मुलं बरखेड्याहून सायकली, स्कूटी काढून थेट इकडे येतात. संकेत आता नर्सिंगला आहे, मिशा ठेवल्यात, त्या त्याला अजिबात शोभत नाहीत असं सगळ्यांनी त्याला सांगून झालंय. अजिंक्य अकरावीत गेला आणि अजून तसाच आहे. तुला आठवत असेल, सगळी मुलं गमावलेल्या ईयोबाची गोष्ट झाली तेव्हा बाकीच्यांनी वह्या मिटल्या आणि हा म्हणाला की, देवानं ईयोबाला शेवटी नवी मुलं दिली हे ठीक, पण आधीची जी मेली त्यांचं काय, ती काय तुटलेले कप होते का. तू हसली होतीस आणि मग मिटलेली वही परत उघडली होतीस. नवीन आलेल्यांत जुई म्हणून एक आहे, तेरा वर्षांची, सगळ्यात लहान. तू तिकडच्या खोलीत बसायचीस तशीच ती इथे खिडकीखाली बसते. तिला कोणी तसं सांगितलं नाही, आपणहून बसते.

हा वर्ग मी का सुरू केला ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी तुमच्या वयाची असताना, नगरला, माझ्या धाकट्या भावाला ताप मेंदूत गेला आणि तो गेला. आम्ही चर्चच्या सगळ्या मंडळीनं त्याच्यासाठी उपास केला होता. मी आमच्या बाईंना विचारलं की, मग देवानं ऐकलं का नाही. बाई चांगल्या होत्या गं, पण घाबरल्या. असं विचारू नये, असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला आयुष्यभर जड वाटत राहिला. पुढे वडिलांची इथल्या कारखान्यात बदली झाली, आम्ही भोपाळला आलो, मी टाउनशिपच्या शाळेत शिकवायला लागले, आणि मंडळीनं तरुण मुलांचा वर्ग माझ्या हाती दिला तेव्हा पहिल्याच रविवारी मी सांगून टाकलं की या खोलीत ‘असं विचारू नये’ हे वाक्य चालणार नाही. मग काय, तुम्ही सुटलातच. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर प्रार्थना कशासाठी करायची. जलप्रलयात तारवाच्या बाहेर जी तान्ही बाळं राहिली त्यांनी कोणतं पाप केलं होतं. संकेतची आजी गॅसकांडातून वाचली, पण फुप्फुसं गेली. तो विचारायचा की तिच्या शेजारच्या घरात सगळे मेले, तेही देवाचं नाव घेतच पळाले असतील की. मी शिकून आलेली उत्तरं तुमच्यापुढे टिकायची नाहीत. पण तुम्ही विचारत होता, एकमेकांचं ऐकत होता, आणि पुढच्या रविवारी परत येत होता. यापेक्षा जास्त काही शिकवता येतं असं मला वाटत नाही.

अर्थात, परत येण्याचं खरं कारण तुमचे वसंतकाका होते, हे मला ठाऊक आहे. नागपूरचा माणूस. वर्ग सुटायच्या वेळेला तर्रीचा डबा आणि पोह्यांचं पातेलं स्कूटरवर बांधून आणायचे. तोंड पोळलं तरी तुम्ही खायचात. ते आत यायचे नाहीत. दाराशी, चपला काढतात त्या पायरीवर बसून राहायचे. अजिंक्यनं ईयोबाच्या मुलांबद्दल विचारलं त्या दिवशी तिथूनच ते म्हणाले होते, बरोबर बोलतोय तो. तेवढंच. तुमच्या बोलण्यात ते कधी पडले नाहीत.

तुम्ही मुलांनी हे कधी विचारलं नाही, पण तुमच्या मनात असणारच, की मावशी पहिल्या बाकावर आणि काका पायरीवर, हे कसं काय. ते कारखान्यात आरेखन विभागात होते. माझे वडील त्याच कारखान्यात, ओतशाळेत. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. वडील दोन वर्षं बोलले नाहीत, मग एका संध्याकाळी पेरू घेऊन आले आणि जणू काही झालंच नव्हतं असे काकांशी क्रिकेटवर बोलत बसले. सासूबाईंनी नागपूरहून देव पाठवले, ते काकांनी कपाटात नीट मांडून ठेवले, रोज दिवा लावायचे. मी त्या खोलीत केर काढायचे, फुलं ठेवायचे, पण हात जोडायचे नाही. ते मला दर रविवारी चर्चला सोडायचे, नाताळच्या उपासनेला मागच्या बाकावर बसायचे, पण डोळे मिटायचे नाहीत. यावर आम्ही कधी चर्चा केली नाही. त्यांनी मला चल म्हटलं नाही, मी त्यांना ये म्हटलं नाही. फक्त रोज सकाळी मी प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचे, देवा, त्यांना तुझी ओळख पटू दे म्हणून. ते शेजारी पेपर वाचत असायचे. त्यांना कळायचं. माझी प्रार्थना संपेपर्यंत पान उलटायचे नाहीत, आवाज होतो म्हणून.

आता तुझ्याबद्दल. ते सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, पण मला ते माझ्या बाजूनं सांगायचं आहे.

तुझे अच्युत आजोबा त्या वर्षी पावसाळ्यात गेले. कोलार रोडच्या तुमच्या घरी मी आले होते, तू जिन्यात बसली होतीस. मी आजोबांना दोनचारदाच भेटले असेन. नागपूरचे, मुलाच्या सरकारी नोकरीमागे इथे आलेले. नातीला मराठी यायलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि घरात मराठी पुस्तक म्हणजे तुझ्या आईचं पवित्र शास्त्र, बायबल, तेवढं एक, म्हणून त्यांनी तुला त्यातूनच वाचायला शिकवलं. पाठांतराची वचनं तू घडाघडा म्हणायचीस, मला वाटायचं रत्नप्रभा घरी करून घेते. तिनंच एकदा हसत सांगितलं, माझ्याकडून कुठलं, ते आजोबा करून घेतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की परत म्हणायला लावतात. कपाळाला गंध लावलेला, जानवं घातलेला म्हातारा डोंगरावरचं प्रवचन नातीकडून पाठ करून घेतोय, हे चित्र मला फार आवडायचं. मी ते काकांना सांगितलं तर ते म्हणाले, या माणसाला भेटलं पाहिजे. भेट राहूनच गेली.

आणि मग लगेच त्या जागृती सभा आल्या. बाहेरगावचे उपदेशक. शेवटच्या संध्याकाळी ते नरकावर बोलले. मी त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांना खरंच वाटत होतं की ते लोकांना आगीतून ओढून काढत आहेत. त्यांनी विचारलं, तुमच्या घरातलं कोण बाप्तिस्म्याशिवाय गेलं, आठवा, आणि आता ते कुठे आहेत याचा विचार करा. माझ्या पुढच्या रांगेत तू होतीस. मला तुझी फक्त पाठ दिसत होती. तू हलली नाहीस. तुझ्या आईनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तो तू काढून टाकलास.

पुढच्या रविवारी वर्गात मी दुसराच विषय आणला होता. तू हात वर केलास. एरवी तू हात वर करायची नाहीस, सरळ बोलायचीस. तू विचारलंस, “मावशी, माझे आजोबा कुठे आहेत?”

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, मला माहीत नाही बाळा, पण ते ज्याच्या हातात आहेत त्याला मी ओळखते, आणि तो दयाळू आहे. हे मी काही विचार न करता बोलले नव्हते. माझा तेव्हा यावर विश्वास होता. मला जे माहीत नाही ते माहीत आहे असं मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, ना उपदेशकांच्या बाजूनं, ना विरुद्ध. पण तू रडायला लागलीस आणि म्हणालीस, “तुम्ही फक्त एवढंच म्हणा ना, की वो ठीक हैं. बाकी कुछ मत बोलो.” आणि मी ते म्हणू शकले नाही. मग तू पायरीकडे पाहिलंस. दार उघडं होतं, काका डबा घेऊन बसले होते. तू हळूच विचारलंस, “काकांबद्दलही असंच म्हणाल?”

मी हो म्हणाले. तू तुझी बॅग उचललीस. काकांनी तुला डबा पुढे केला, तू मान हलवून नको म्हटलंस आणि सायकल काढून गेलीस. त्यानंतर तू आली नाहीस. तुझ्यावर मी कधीच रागावले नाही, हे या पत्रात आलंच पाहिजे. तू विश्वास सोडलास असं लोक म्हणाले. मला वाटलं, हिनं आजोबांना सोडलं नाही, एवढंच.

घरी जाताना होशंगाबाद रोडच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा काका मान अर्धी वळवून म्हणाले, मुलीला मोठं दुःख आहे. स्वतःबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नाही.

तुझ्या प्रश्नाची बातमी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपर्यंत गेली. ते घरी आले, चहा घेतला, माझ्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल चांगलं बोलले, आणि एक छापील पुस्तिका दिली, प्रश्न आणि खाली उत्तरं. वर्गात यापुढे एवढंच घ्यावं म्हणाले. मी ती वाचून पाहिली. तुझा प्रश्न त्यात होता, उत्तर दोन ओळींचं होतं. मी म्हणाले, हे मला जमणार नाही. त्यांनी सन्मानानं वर्ग माझ्याकडून काढून घेतला. मी घरी बसले. पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली तर दारात अजिंक्य, संकेत आणि बाकीची सगळी, आईबापांना विचारून आलेली. काका आतून ओरडले, पोहे भिजत घालतो. अशी ही सतरंजी सुरू झाली.

त्या मधल्या काळात आम्ही फार सुखात होतो, ऋचा. काका आता पायरीवर बसायचे नाहीत, कारण घरच त्यांचं. हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचे. क्वचित मुलं त्यांनाच विचारायची, काका तुम्हाला काय वाटतं. ते म्हणायचे, मी आउटसायडर आहे बाबा, मला मत नाही, भूक आहे. मुलं हसायची. मीही हसायचे, आणि हसता हसता मला तुझा आवाज ऐकू यायचा.

यंदा उन्हाळ्यात त्यांची भूक गेली. आधी आम्हाला वाटलं उकाडा. मग डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि यकृतात उतरलेला. डॉक्टर तरुण होते, त्यांना सांगताना त्रास होत होता, तर काकांनीच त्यांची समजूत घातली. ऑपरेशन करण्यासारखं काही नव्हतं. घरी आणलं. मुलं पाळीपाळीनं येत राहिली. संकेत सलाइन बदलायचा, अजिंक्य त्यांना क्रिकेटची कॉमेंट्री लावून द्यायचा, जुई पायांशी बसून आपला गृहपाठ करायची. देवाकडे बरं होण्यासाठी मागायचं की नाही यावर मुलांनी स्वयंपाकघरात एकदा कुजबुजत वाद घातला. मागितलं आणि झालं नाही तर मावशीला आणखी वाईट वाटेल, असं अजिंक्यचं म्हणणं होतं. जुई म्हणाली, वाटू दे, पण मागायला तर पाहिजे. मी भिंतीपलीकडे उभी होते.

आणि मी काय मागत होते ते आता तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही. मी बरं होण्यासाठी मागत नव्हते. मी मागत होते की त्यांनी हो म्हणावं. एकदाच. प्रभूशेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोरानं शेवटच्या घटकेला म्हटलं तसं. इतकी वर्षं त्यांच्याबद्दल नरक हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता, तो आता मला झोपू देईना. ज्याच्या हातात ते आहेत त्याला मी ओळखते, हे मी तुला सांगितलं होतं ना? त्या दिवसांत मला कोणाचीच ओळख पटत नव्हती. मला फक्त त्या उपदेशकांचा आवाज ऐकू यायचा.

मी आपल्या पाळकसाहेबांना, शैलेंद्रना, बोलावून घेतलं. ते काकांच्या उशाशी बसले, अवघडले, इकडचं तिकडचं बोलले. शेवटी मीच म्हटलं, वसंत, तू बाप्तिस्म्याचा विचार करशील का. मुलांसमोर मी त्यांना अहो म्हणायचे; एकटे असलो की अरे-तुरे. त्या दिवशी पाळकांसमोर तू म्हणून गेले. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता. मग हळूहळू, धाप लागत होती म्हणून थांबत थांबत म्हणाले, “पाहा वैजू, आता मी हो म्हटलं तर ते एक तर भीतीनं, नाही तर तुझ्यासाठी. तुझा देव खरा असला तर त्याला हे कळणारच. मग पहिल्याच भेटीत त्याच्याशी खोटं कशाला बोलू?”

शैलेंद्र खाली बघत होते. मी बशीतली औषधं उगाच पुन्हा लावायला लागले. वसंतनं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “सकाळचं माझं नाव घेणं मात्र बंद करू नको. मला सवय झाली आहे त्याची.”

त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. शैलेंद्र मात्र रोज यायला लागले. शास्त्र उघडायचे नाहीत, नुसते बसायचे.

नवरात्र संपता संपता, सकाळी, वसंत गेला. मी प्रार्थना करत होते, त्याचं नाव घेत होते, आणि डोळे उघडले तेव्हा तो नव्हता. शांत गेला. नागपूरहून पुतण्या आला, त्यानं अग्नी दिला. स्मशानात, विश्रामघाटावर, बायका सहसा जात नाहीत, मी गेले. आपली मुलं आली होती, शाळेचे पांढरे शर्ट घालून, कारण दुसरे पांढरे कपडे त्यांच्याकडे नव्हते. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि आपली पोरं कुठे उभं राहावं, हात जोडावेत की नाही, काही न कळून एका बाजूला दाटीवाटीनं उभी होती. जुईनं अजिंक्यला विचारलं, “भैया, यहाँ प्रेयर कर सकते हैं क्या?” मागून शैलेंद्र म्हणाले, “करू या.” ते येतील असं मला वाटलं नव्हतं. साधा शर्ट घालून आले होते. पंचांपैकी कोणाला सांगून आले असतील असं वाटत नाही. त्यांनी मोठ्यानं काही म्हटलं नाही, मुलांनीही नाही. सगळ्यांचे ओठ तेवढे हलत होते.

अस्थी नर्मदेत सोडल्या, होशंगाबादला. परतताना गाडीत माझ्या मनात आलं की मला बरखेड्याच्या वाटेवर, आपल्या दफनभूमीत, आईवडिलांशेजारी माती मिळेल. इतकी वर्षं एका खोलीत झोपलो आणि आता तो पाण्यात, मी जमिनीत. हे काही मोठं नाही, मेलेल्याला काय त्याचं, असं मी तुम्हाला वर्गात शिकवलं असतं. पण ते मनातून जात नाही.

मंडळीची माणसं चांगली आहेत, हे मी सांगितलंच पाहिजे. कित्येक दिवस माझ्या घरी चूल पेटू दिली नाही कोणी. ज्या पंचांनी पुस्तिका आणली होती, त्यांच्या बायकोनं माझे केस विंचरून दिले. पण आपल्यात कोणी गेलं की लोक काय म्हणतात तुला माहीत आहे. प्रभूच्या घरी गेले. सुटले, आता वर भेट होईल. त्या एका वाक्यासाठी मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कोणी म्हटलं नाही. ते सगळे म्हणायचे, देव तुम्हाला शक्ती देवो. मला. त्याच्याबद्दल कोणी काहीच म्हणत नव्हतं. बोलता बोलता त्याचं नाव आलं की माणसं पाण्याचा पेला उचलायची. खोटं बोलता येत नव्हतं त्यांना, आणि मला दुखवताही येत नव्हतं. मला त्यांचं मन कळत होतं, कारण खिडकीखाली बसलेल्या एका मुलीसमोर मीही तशीच अडकले होते. फक्त तेव्हा तिकडे बसून काय वाटतं ते मला ठाऊक नव्हतं.

आणि मुलं. वर्ग परत सुरू केला तर मुलं एकदम शहाणी झाली आहेत. कोणी काही विचारत नाही. अजिंक्य, आपला अजिंक्य, म्हणाला की मावशी, आपण दावीद आणि गल्याथ घेऊ. लहान मुलांची गोष्ट! बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी शिकवत असते आणि ते माझ्याकडे असे बघतात, जणू मी काचेची आहे. परवा जुईनं तोंड उघडलं होतं, अजिंक्यनं तिला कोपरानं ढोसलं. माझ्या खोलीत, ऋचा. कोणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण तेच वाक्य आहे ते. असं विचारू नये.

रोज सकाळी मी डोळे मिटते आणि सवयीनं त्याचं नाव ओठांवर येतं. त्याला तुझी ओळख पटू दे. आणि मग मी थांबते. गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, असं आपल्याला शिकवलंय. ती वेळ संपली, म्हणतात. मग हे वाक्य मी कुठे ठेवू? बंद करू नको म्हणाला होता तो. मी ते अर्ध्यावर तोडते आणि बसून राहते. देव आहे का, असा प्रश्न मला पडलेला नाही. तो आहे, म्हणूनच तर मी त्याच्याशी बोलायला घाबरते आहे. त्यानं काय केलं आहे ते मला ऐकायचं नाही.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी उपासनेत, त्या वर्षी प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं मोठ्यानं घेतात आणि मंडळी उभी राहते, हे तुला आठवत असेल. मी शैलेंद्रना विचारलं. ते म्हणाले की पंचांपुढे विषय ठेवला होता, मंडळीचा सभासद नसलेल्याचं नाव घेता येत नाही. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी आणखी काही म्हटलं नाही. पण घरी आल्यावर वाटलं, तुझ्या आजोबांचंही नाव तेव्हा कोणी घेतलं नव्हतं. ज्यांनी तुला शास्त्र वाचायला शिकवलं त्यांचं. त्या रविवारी तू आईशेजारी उभी राहिली असशील आणि सगळी नावं संपेपर्यंत वाट पाहिली असशील का, हे मला माहीत नाही. मला तेव्हा सुचलंही नाही तुला विचारायचं.

म्हणून हे पत्र. येत्या शेवटच्या रविवारी उपासनेनंतर, आमच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, ज्यांची नावं कुठेच घेतली गेली नाहीत त्यांची नावं आम्ही घेणार आहोत. मी मुलांना सांगितलं आहे. जुईला तिच्या बरखेड्याच्या शेजारीण आजीचं घ्यायचं आहे, संकेतला त्याच्या आजीच्या शेजारच्या घराचं. नाव घ्यायचं आणि उभं राहायचं, एवढंच. ते कुठे आहेत ते मी सांगणार नाही, कारण मला अजूनही माहीत नाही. तू तुझा विश्वास परत घेऊन ये असं मी म्हणत नाही, रिकाम्या हातानं ये. मी घरात रोज तालीम करते आहे. अच्युत हे नाव मी नीट घेऊ शकते, तुझ्या आजोबांना आवडेल तसं, प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. ते मी घेईन, तुला घ्यावं लागणार नाही. पण दुसरं नाव माझ्या तोंडून पूर्ण निघत नाही, पहिल्याच अक्षराला आवाज जातो. ते तू घेशील का?

तुझीच,
वैजयंती मावशी